फील्ड पॉइंट खोटं बोलतो: क्रॉसबोचे ब्रॉडहेड निवडताना आणि जुळवताना

माझं आयुष्य टूलरूममध्ये गेलं. लेथ, सरफेस ग्राइंडर, डायल गेज. त्यामुळे ‘बोल्ट’ म्हटलं की डोळ्यांपुढे षटकोनी डोक्याचा, नट-वॉशरवाला बोल्ट उभा राहतो. क्रॉसबोतून, म्हणजे बंदुकीसारख्या दांड्यावर आडव्या बसवलेल्या धनुष्यातून, सुटणाऱ्या आखूड बाणालाही बोल्टच म्हणतात, पण माझी जीभ अजून वळत नाही. तेव्हा इथे मी त्याला बाणच म्हणणार.

शिकारीच्या पहिल्या हंगामाआधी दोन महिने मी फील्ड पॉइंट लावून सराव केला. फील्ड पॉइंट म्हणजे सरावाचं गुळगुळीत, गोलसर टोक. वीस यार्डांवर सहाच्या सहा बाण मुठीएवढ्या जागेत बसायचे. हंगामाच्या आठवडाभर आधी ब्रॉडहेड, म्हणजे शिकारीची धारदार पात्यांची टोकं, चढवले. पहिला बाण ठीक, दुसरा ठीक, तिसरा सात इंच उजवीकडे. मी ब्रॉडहेडना शिव्या घातल्या आणि दुसरे आणले. तेच. तिसरे आणले. पुन्हा तेच. तीन संचांचे पैसे घालवल्यावर लक्षात आलं की भरकटणारा बाण दर वेळी एकच होता. त्याच्या पिसाजवळ एक ओरखडा होता, म्हणून तरी ओळखू आला.

जेवणाच्या सुट्टीत तो बाण व्ही-ब्लॉकवर, म्हणजे व्ही आकाराची खाच असलेल्या ठोकळ्यावर, ठेवला आणि डायल लावला. शाफ्ट, म्हणजे बाणाची दांडी, फिरवला, काटा जेमतेम हलला. मग डायल पुढे सरकवून ब्रॉडहेडच्या मानेवर टेकवला आणि पुन्हा फिरवला. काटा वीस हजारांश इंचांच्या पुढे जाऊन परत येत होता. शाफ्ट सरळ होता. त्यात चिकटवलेला इन्सर्ट, म्हणजे ज्या आट्यांत टोक बसतं ती धातूची नळी, तिरका बसला होता. खोक्यावर छापलेलं ‘±०.००३’ हे शाफ्टच्या सरळपणाचं माप असतं. टोक बसवल्यावर ते मधोमध फिरेल याची हमी त्यात नसते.

मग तोच बाण फील्ड पॉइंट लावल्यावर नीट कसा जायचा? कारण गुळगुळीत टोकाला हवा धरत नाही. बाण जरा तिरपा सुटला तरी मागची पिसं त्याला काही यार्डांत सरळ करतात. ब्रॉडहेडला पाती असतात, म्हणजे बाणाला पुढेही पंख फुटतात. बाण तिरपा असेल तर पुढचे पंख नाक एका बाजूला ओढतात आणि मागचे पंख ते सरळ करू पाहतात. लांब बाणात मागच्या पिसांना तरफ मोठी मिळते. क्रॉसबोचा बाण बहुतेक वेळा १६ ते २२ इंचांचा, पिसं दोन-तीन इंचांची, आणि वेग सेकंदाला ३५०-४०० फूट. हवेचा जोर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. त्यामुळे संथ धनुष्यात खपून जाणारी चूक इथे अंगावर येते.

म्हणून ब्रॉडहेड जुळवायचं म्हणजे खरं तर बाणच जुळवायचा. टोकावर हात सगळ्यात शेवटी घालायचा.

कुठलं टोक घ्यावं

आधी नियम वाचा. तुमच्या भागात शिकारीला परवानगी आहे का, क्रॉसबो चालतो का, मेकॅनिकल टोकं चालतात का, पात्यांची किमान रुंदी किती. बऱ्याच ठिकाणी ती सात अष्टमांश इंच असते, आणि मागे वळलेले काटे असलेल्या, जखमेतून मागे न सरकणाऱ्या टोकांवर बऱ्याच ठिकाणी बंदी असते. दुकानदार हे सांगत बसत नाही.

ब्रॉडहेडच्या मुख्य जाती दोन. फिक्स्ड, म्हणजे पाती कायमची उघडी. आणि मेकॅनिकल, म्हणजे पाती उडताना मिटलेली आणि सावजाला लागताच उघडणारी. पुढे एक-दोन छोटी स्थिर पाती आणि मागे मिटणारी मोठी, अशी संकरित जातही मिळते.

फिक्स्डमध्ये एक इंच ते सव्वा इंच रुंदी सामान्य. मेकॅनिकल दीड इंचापासून दोन इंच आणि त्याहून मोठीही उघडतात. दोन इंचांचं चित्र खोक्यावर पाहून नवा माणूस लगेच विरघळतो, मीही विरघळलो होतो. पण पाती उघडायला जी ताकद लागते ती बाणाच्याच खिशातून जाते, आणि रुंद पातं मांसातून ओढायलाही जास्त जोर लागतो. ज्याच्याकडे जोर मुबलक आहे त्याने ही चैन करावी.

जोर मोजायचा तर बाणाचं वजन ग्रेनमध्ये घ्या, त्याला वेगाच्या वर्गाने गुणा आणि ४,५०,२४० ने भागा. उत्तर फूट-पाउंडात येतं. ४०० ग्रेनचा, म्हणजे साधारण २६ ग्रॅमचा बाण ३५० फुटांच्या वेगाने गेला तर १०८-१०९ फूट-पाउंड. हरणासाठी हे भरपूर आहे आणि मेकॅनिकलही चालेल. जुना, संथ, रिकर्व्ह पद्धतीचा (कप्प्या नसलेला) क्रॉसबो २५० फुटांच्या आसपास असेल तर तोच बाण ५५-५६ वर येतो. तिथे मी डोळे झाकून फिक्स्ड घेईन, तेही ज्याचं पातं थेट टोकापासून कापत जातं असं. एल्क किंवा मूससारख्या जाड हाडाच्या जनावराला तर क्रॉसबो कितीही जोरदार असो, फिक्स्डच. क्रॉसबोचा वेगही खोक्यावरचा धरू नका. तो बहुतेक वेळा हलक्यात हलक्या बाणावर मोजलेला असतो. तुमचा बाण जड असला की वेग उतरतो.

माझी आवड विचाराल तर मला दोन भोकं हवीत. बाण एका बाजूने जाऊन दुसऱ्या बाजूने बाहेर पडला, आणि बाहेरचं भोक खाली असलं, की रक्ताचा माग मिळतो. मचाणावरून खाली मारलेला बाण आतच अडकला तर वरचं भोक कितीही मोठं असो, रक्त छातीच्या पोकळीतच साचतं आणि जमिनीवर थेंब सापडत नाही. म्हणून मी सव्वा इंचाच्या आतलं, तीन पात्यांचं फिक्स्ड वापरतो. माझा शिकारीतला सोबती मेकॅनिकलवाला आहे आणि त्याची जनावरंही माझ्याइतकीच चटकन पडतात. हा वाद आमच्यात अजून चालू आहे.

मेकॅनिकल घ्यायचंच असेल तर ते क्रॉसबोसाठी बनवलेलं घ्या. हे विकायचं शब्दचातुर्य नाही. क्रॉसबोची दोरी बाणाला हाताच्या धनुष्यापेक्षा फार जोराचा धक्का देते, आणि पाती मिटून ठेवणारं रबरी कडं, प्लॅस्टिकची कॉलर किंवा क्लिप त्या धक्क्यात सैल पडली तर टोक वाटेतच उघडतं. मग बाण कुठे जाईल ते बाणालाच माहीत. क्रॉसबोच्या टोकांत ही पकड जास्त घट्ट ठेवलेली असते. रबरी कडी उन्हाने आणि वयाने तडकतात, त्यामुळे दर हंगामाला नवी. जुनं कडं नखाने ताणून पाहा, बारीक चिरा दिसल्या की फेका.

वजनाचा प्रश्न सोपा आहे. टोकं प्रामुख्याने १००, १२५ आणि १५० ग्रेनची येतात. १०० ग्रेन म्हणजे साडेसहा ग्रॅम. सराव ज्या वजनाच्या फील्ड पॉइंटने केला त्याच वजनाचं ब्रॉडहेड. आणि खोक्यावर १०० लिहिलंय म्हणून १०० मानू नका, काट्यावर ठेवा. काडतुसं भरणारे लोक वापरतात तो छोटा ग्रेनचा काटा पुरतो. एकाच पाकिटातली तीन टोकं दोन-तीन ग्रेनांनी वेगळी निघालेली मी पाहिली आहेत. बाणाचं एकूण वजन क्रॉसबोच्या पुस्तिकेत दिलेल्या किमान वजनाच्या खाली कधीही नको. हलका बाण म्हणजे जवळजवळ रिकामी दोरी सोडल्यासारखं, आणि त्यात लिंब, म्हणजे धनुष्याचे दोन्ही बाजूंचे वाकणारे हात, फुटतात. जड चालतो, फक्त लांबवर जास्त खाली पडतो.

नॉक म्हणजे बाणाच्या मागच्या टोकाचा, दोरीला टेकणारा तुकडा. त्याच्या बाबतीत माझं मत विचारू नका, पुस्तिका काय म्हणते ते पाहा. सपाट, अर्धचंद्र, दोरीला पकडणारा, असे प्रकार आहेत, आणि ज्या क्रॉसबोला जो सांगितलाय तोच लावायचा. चुकीचा नॉक लावला तर दोरी बाणावरून किंवा खालून घसरते आणि क्रॉसबो कोरडाच, म्हणजे बाणाला न ढकलता, सुटतो.

बाण तपासायचा कसा

पहिलं काम: प्रत्येक बाणावर नंबर टाका. पिसावर, न पुसणाऱ्या मार्करने. माझ्या त्या ओरखड्यावाल्या बाणाला ४ नंबर मिळाला. नंबर नसेल तर पुढचं सगळं वाया, कारण सहा बाणांचा घोळका पाहून त्यातला कोण गाढव आहे हे कळत नाही.

दुसरं: शाफ्ट कानाजवळ धरून दोन्ही हातांनी हलकेच वाकवा, फिरवत फिरवत. करकर ऐकू आली किंवा बोटाला कुसळ लागलं तर बाण तिथेच मोडून टाका. तडकलेला कार्बन बाण सुटताना फुटला तर हातात घुसतो. ही तपासणी मी प्रत्येक सरावाआधी करतो.

तिसरं, आणि माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचं: फिरवून पाहणं. बाण फिरवायचं छोटं रोलरवालं स्टँड मिळतं. ते नसेल तर ब्रॉडहेडचं अणकुचीदार टोक लाकडाच्या तुकड्यावर टेकवा, बाण उभा धरा आणि नॉककडून बोटांनी भोवऱ्यासारखा फिरवा. मी मात्र रोलरच वापरतो, कारण उघड्या पात्यांजवळ बोटं न्यायची मला हौस नाही. पाहायचं ते पात्यांकडे नाही. पाती फिरताना डोळा फसतो. पाहा ती मान, जिथे ब्रॉडहेड इन्सर्टला मिळतं, आणि अगदी पुढचं टोक. मागे पांढरा कागद उभा करा आणि टोकाच्या कडेवर नजर ठेवा. चांगलं टोक स्थिर उभं असल्यासारखं वाटतं. वाईट टोकाची कड धूसर, दुहेरी दिसते.

डोललं तर लगेच बाणाला दोष देऊ नका. आधी टोक काढा, आटे पुसा, इन्सर्टच्या तोंडावरची धूळ काढा आणि पुन्हा कसा. टूलरूममध्ये चकच्या जबड्यात एक बर (धातूची बारीक किसर) अडकला तरी जॉब सेंटरबाहेर जातो, तसंच हे. तरीही डोलत असेल तर टोकांची अदलाबदल. ४ नंबरचं टोक १ नंबरवर, १ नंबरचं ४ वर. डोलणं टोकाबरोबर गेलं तर टोकाची मान वाकडी. बाणाजवळच राहिलं तर इन्सर्ट तिरका. एवढी साधी चाचणी मी पहिल्या संध्याकाळी केली असती तर दोन संचांचे पैसे वाचले असते.

इन्सर्टचं तोंड काटकोनात आणता येतं, आणि हे जरा जवळून सांगतो, कारण हेच काम लोक टाळतात. इन्सर्टच्या तोंडावर मार्करने काळी शाई फासा. बाण दोन रोलरवर किंवा व्ही-खाचेत आडवा ठेवा. त्याच्या तोंडासमोर बारीक सँडपेपर चिकटवलेला ठोकळा खाचेच्या बरोबर काटकोनात घट्ट बसवा. तयार साधनही मिळतं. आता बाण अलगद पुढे टेकवून, दाब न देता दोन वेढे फिरवा आणि पाहा. तोंड तिरकं असेल तर शाई एकाच बाजूने, अर्ध्या चंद्रासारखी गेलेली दिसते. तोच उंचवटा. थोडं थोडं फिरवत राहा आणि दर तीन-चार वेढ्यांनी पाहा. शाई सगळीकडून गेली, चकचकीत पूर्ण कडं दिसलं की थांबा. त्यापुढे एक वेढाही नको, कारण प्रत्येक वेढ्याने वजन कमी होतं. कार्बनचा शाफ्ट घासताना मास्क लावा आणि कागद ओला ठेवा. ती पूड छातीत जायला नको.

हे तोंडाच्या तिरकेपणावर लागू पडतं. इन्सर्ट आतूनच वाकडा चिकटला असेल, म्हणजे आटेच तिरपे असतील, तर घासून फारसं साधत नाही. माझ्या ४ नंबरचं तसंच होतं. घासल्यावर डोलणं अर्ध्यावर आलं, पूर्ण गेलं नाही. इन्सर्ट हॉट-मेल्टने (गरम केल्यावर वितळणाऱ्या गोंदाने) बसवलेला असला तर फील्ड पॉइंट गरम करून तो सैल करता येतो. ज्योत शाफ्टला लागता कामा नये, कार्बनमधलं राळ जळतं. इपॉक्सीने बसवलेला असेल तर नाद सोडा.

पात्यांची आणि पिसांची रेघ जुळलीच पाहिजे, असं कुणी ना कुणी सांगेलच. टोक मधोमध फिरत असेल तर त्याने काही फरक पडत नाही. ती रेघ जुळवायला काही जण टोकाच्या मागे वॉशर किंवा रबरी कडी घालतात, आणि सरळ बसलेलं टोक स्वतःच्या हाताने तिरकं करतात. पात्यांची दिशा एकाच गोष्टीसाठी पाहायची: बाण चढवल्यावर पातं रेल (बाण ज्या पट्टीवरून सरकतो ती), रायझर (लिंब ज्यात बसतात तो मधला भाग) किंवा रिकिबीला (पुढचं पाय अडकवायचं कडं) कुठे घासत नाही ना. बाण आखूड आणि टोक रुंद असेल तर घासू शकतं. ही तपासणी दोरी न चढवता, मोकळ्या क्रॉसबोवर बाण हाताने शेजारी धरून, मापाने करा.

पुढचा तोल, म्हणजे एफओसी, एकदा काढून ठेवा. नॉकपासून शाफ्टच्या पुढच्या कडेपर्यंतची लांबी घ्या, ब्रॉडहेड सोडून. मग टोक लावून बाण बोटावर तोला आणि नॉकपासून तोलबिंदूपर्यंतचं अंतर घ्या. त्यातून लांबीचा अर्धा वजा करा, लांबीने भागा, शंभरने गुणा. २० इंचांचा बाण १३ इंचांवर तोलला तर १५ टक्के. क्रॉसबोला १२ ते १८ च्या दरम्यान चांगलं जातं. त्याहून कमी असेल आणि ब्रॉडहेड भरकटत असेल, तर जड पितळी इन्सर्ट किंवा २५ ग्रेनने जड टोक लावून पाहावं. पुढे वजन वाढलं की पिसांची तरफ लांबते. या आकड्यामागे वेडे होणारेही आहेत, मी त्यांच्यातला नाही.

मारून पाहणं

क्रॉसबोत हाताच्या धनुष्यासारखं बाणाचं रेस्ट (टेकण) इकडेतिकडे सरकवून जुळवता येत नाही. रेल जिथे आहे तिथेच. म्हणून दोरी प्रत्येक वेळी सारखीच चढली पाहिजे. दोरी मोकळी असताना रेलच्या दोन्ही कडांना लागून दोरीवर मार्करने खुणा करा. चढवल्यावर दोन्ही खुणा रेलच्या कडेला सारख्या दिसल्या तर ठीक. एक आत, एक बाहेर दिसली तर दोरी एका बाजूला जास्त ओढली गेली आहे, आणि बाण आडवा भरकटणार. हाताने ओढणाऱ्याचं हे हमखास होतं. दोरखंडाची चढवणी किंवा क्रँक वापरा. शिवाय स्कोपचे (नेम धरायच्या दुर्बिणीचे) आणि लिंबांचे स्क्रू पाहून घ्या. एकदा मी दोन दिवस टोकं बदलत बसलो, आणि ढिला होता तो स्कोपच्या कड्याचा स्क्रू. टूलरूमवाल्याला हे शोभत नाही, पण झालं खरं.

क्रॉसबो टेबलावर, वाळूच्या पिशवीवर टेकवून मारा. पुढच्या हाताची बोटं, विशेषतः अंगठा, रेलच्या खाली. वर आलेला अंगठा दोरी कापून नेते.

आधी वीस यार्डांवर फील्ड पॉइंट. सगळे बाण जवळजवळ एकाच जागी येत असतील तरच पुढे जा. मग ब्रॉडहेड, दर बाणाला वेगळा ठिपका. एकाच ठिपक्यावर दोन ब्रॉडहेड मारले तर दुसरं पहिल्याची पिसं तरी कापतं, नाहीतर नॉक तरी फोडतं. लक्ष्य दाट फोमचं हवं. चिंध्या भरलेल्या पिशवीत ब्रॉडहेड मारलं तर ते बाहेर काढता काढता संध्याकाळ होते. फोममधून काढताना मानेला आधी थोडा साबण लावून ठेवला तर बरं. बाण सरळ मागे ओढायचा, पिळायचा नाही, आणि टोक बाहेर येतं त्या रेषेत गुडघा ठेवायचा नाही.

प्रत्येक बाण तीनदा मारून वहीत लिहा: नंबर, किती इंच, कुठल्या दिशेला. माझ्या वहीतलं एक पान असं आहे: ‘१ — मध्य. २ — अर्धा डावा. ३ — मध्य, जरा खाली. ४ — चार उजवा, चार उजवा, साडेचार उजवा. ५ — मध्य. ६ — एक वर, दोन डावा, दीड उजवा.’ यातला ४ वाईट आहे, पण त्याचं वागणं एकसारखं आहे. ६ त्याहून धोकादायक, कारण तो दर वेळी वेगळीकडे जातो. ६ नंबरचा नॉक काढून पाहिला तर त्याला केसाएवढी चीर होती. नवा नॉक लावला आणि तो रांगेत आला.

सगळे ब्रॉडहेड एकाच जागी, पण फील्ड पॉइंटपेक्षा दोन इंच खाली येत असतील, तर काही बिघडलेलं नाही. स्कोप ब्रॉडहेडवर जुळवा आणि पुढे जा. शिकारीला फील्ड पॉइंट नेणार नाही आहात. मात्र तीस आणि चाळीस यार्डांवर पुन्हा पाहा, कारण स्कोपच्या खालच्या खुणा वेगाप्रमाणे जुळवाव्या लागतात.

एखादाच बाण बाहेर जात असेल तर क्रम असा: दुसरं टोक लावा. मग तीन पिसं आणि सपाट नॉक असेल तर रेलच्या खाचेत दुसरं पीस खाली घालून पाहा. अर्धचंद्र किंवा पकडणारा नॉक असेल तर आधी नॉक तितकाच फिरवून घ्यावा लागतो, नाहीतर खाच दोरीला आडवी येते. बाणाची एक बाजू जरा कडक असते, कधी कधी एवढ्याने तो सुधारतो. नाही सुधारला तर तो बाण शिकारीतून बाद. सहातले चार चांगले निघाले तर चारच न्यायचे.

बऱ्याच मेकॅनिकलबरोबर सरावाचं न उघडणारं टोक मिळतं. त्याने सराव करा, पण त्याच्यावर विसंबू नका. खरं टोक निदान एकदा तरी मारा, मग त्याची पाती बदला.

वाऱ्याबद्दल एकच: आडवा वारा ब्रॉडहेडला फील्ड पॉइंटपेक्षा जास्त ढकलतो. वाऱ्याच्या दिवशीही एकदा मारून पाहा, म्हणजे आपलं अंतर आपोआप कमी होतं.

धार

फोममध्ये मारलेलं पातं बोथट होतं, एका फेकीतही. जुळवलेली टोकं आणि शिकारीची पाती वेगळी ठेवा. बदलती पाती असतील तर मानेत नवी घाला आणि पुन्हा फिरवून पाहा. एकसंध टोक असेल तर दगड घ्या. तीन पात्यांचं एकसंध टोक दगडावर ठेवलं की दोन पात्यांच्या कडा एकदम सपाट टेकतात. धारेवर मार्कर फासा आणि दगडावर पुढे ढकला. शाई धारेच्या अगदी कडेपासून जात असेल तर कोन बरोबर. मागेच जात असेल तर धार दगडाला लागतच नाहीये. तिन्ही बाजूंना सारखे हात द्या, आणि शेवटी चामड्याच्या पट्टीवर मागे ओढून बर काढा.

धार पाहायला हातावरचे केस कापणारे लोक आहेत. मी कपावर एक रबरबँड ताणून बसवतो आणि पातं त्यावर फक्त टेकवून हलकं ओढतो. नुसत्या स्पर्शाने तुटला तर धार आहे. दाबावं लागलं तर परत दगडावर. कारण आतल्या रक्तवाहिन्याही अशाच असतात, ताणलेल्या आणि लवचिक, बोथट पात्यापुढून बाजूला सरकणाऱ्या. टोक कसायला नेहमी त्याचं पान्यासारखं साधन वापरा, बोटं नाहीत. माझ्या डाव्या तर्जनीवर तीन टाक्यांची खूण आहे. ती लेथची नाही.

कार्बन स्टीलची पाती असतील तर तेलाचा हात फिरवून ठेवा.

अंतराचा हिशेब मी एकदाच केला आणि मग लांबून मारायची हाव गेली. तीस यार्ड म्हणजे नव्वद फूट. साडेतीनशे फुटांच्या वेगाने बाणाला पाव सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो. आवाज सेकंदाला अकराशे फुटांच्या वर जातो, म्हणजे दोरीचा टणत्कार हरणापाशी सेकंदाच्या बाराव्या भागातच पोचतो. बाण पोचायला अजून जवळजवळ दोन दशांश सेकंद बाकी. तेवढ्यात सावध हरीण उडी घ्यायला खाली दबतं आणि बाण पाठीवरून जातो. हरणाचा मर्मभाग आठ इंचांच्या थाळीएवढा. म्हणून माझी हद्द तीस यार्ड, तीही जनावर आडवं किंवा थोडं पाठमोरं उभं असताना, मान खाली घालून चरत असताना.

बाण लागल्यावर खाली उतरायची घाई नको. सापडलेला बाण आधी पाहा. फेसाळ, गुलाबी रक्त म्हणजे फुप्फुस, अर्धा तास थांबा. गडद लालसर म्हणजे यकृत, तीन-चार तास. हिरवट आणि वास येत असेल तर आठ तास किंवा अधिक, नाहीतर जनावर उठून मैलभर जाईल. त्या टोकाची मान घरी आल्यावर पुन्हा रोलरवर फिरवा. हाडाला लागलेलं टोक बहुतेक वेळा वाकलेलं निघतं, पाती बदलून ते परत नेऊ नका.

संध्याकाळी बाण न सोडता परतताना चढवलेला क्रॉसबो मोकळा करायचा प्रश्न उरतो. ब्रॉडहेड जमिनीत मारून खराब करायचं नाही, आणि रिकामी दोरी तर कधीच सोडायची नाही. त्यासाठी फील्ड पॉइंट लावलेला, पुरेशा वजनाचा एक बाण सोबत हवा. तो जवळच्या मऊ मातीत किंवा फोममध्ये मारायचा. माझ्याकडे त्या कामाला गेली कित्येक वर्षं ४ नंबर आहे. शाफ्ट धड आहे, दर वेळी वाकवून पाहतो. त्या अंतरावर तो चार इंच उजवीकडे जात नाही.